मयतीला पाच माणसं

एलोइना येस्कास बेल्जियममधल्या गेंटहून निघाली तेव्हा तिच्या बॅगेत सहा चांगली पेनं, दोन जाड वह्या आणि एक नवाकोरा लॅपटॉप होता. मेक्सिकोच्या डोंगरातल्या तिच्या यालोबे गावच्या सभेने तिला वर्षभराच्या सेवेसाठी बोलावलं होतं. तीन कादंबऱ्या लिहिलेल्या बाईला गाव दुसरं काय करणार? चिटणीस. सभेचं इतिवृत्त लिहायचं, सरकारला अर्ज करायचे, शिक्के मारायचे. विमानात बसल्या बसल्या तिने पहिल्या अर्जाचा मसुदासुद्धा करून टाकला होता, वरच्या रस्त्यावरच्या खड्ड्यांबद्दल. मसुदा झकास होता, यात वाद नाही.

एक जानेवारीला सकाळी मावळत्या पंचांनी नव्या पंचांच्या हाती मानाच्या काठ्या दिल्या, बँडने तीच धून दोनदा वाजवली आणि नवा सरपंच आब्दियास यादी वाचायला उभा राहिला. चिटणीस म्हणून नाव आलं नोएमीचं. नोएमी म्हणजे पाववाल्याची सव्वीस वर्षांची मुलगी. एलोइनाला वाटलं, चिटणीस दोन असतील. यादी पुढे सरकली. खजिनदार, पाण्याचे पंच, शाळेचे पंच, जंगलाचे राखणदार. एलोइनाचं नाव सगळ्यांत शेवटी आलं, टोपिल म्हणून.

टोपिल म्हणजे गावचा शिपाई. कचेरी झाडायची, निरोप पोचवायचे, जत्रेत झिंगलेल्यांना धरून आणायचं, कुणी गेलं तर घरोघर सांगायचं आणि खड्डा खणायचा. आमच्याकडे ही सेवा अठराव्या वर्षी करतात. एलोइना सत्तेचाळीस वर्षांची होती. आब्दियासने तिच्या एका हातात काठी दिली आणि दुसऱ्या हातात खराटा.

आब्दियास तिच्या वर्गातला. ती त्याच्या कानाशी लागून म्हणाली, "काहीतरी घोटाळा झालाय."

"कसला?"

"अरे, मी लिहिते. मला वाटलं, चिटणीस..."

"चिटणीस व्हायच्या आधी टोपिल व्हावं लागतं. मी झालो. नोएमी झाली. तुझा बाप झाला. तू कधी झालीस?"

"मी सत्तेचाळीस वर्षांची आहे, आब्दियास!"

"तेच म्हणतोय. उशीर झालाय. आता अंगण झाडून घे बघू, बँडवाल्यांनी संत्र्याची सालं टाकलीत."

घरी आल्यावर तिने आईला फैलावर घेतलं. तोमासा तव्यावर मक्याच्या टॉर्तिया टाकत होती. तिने मान वर केली नाही.

"आई, तुला ठाऊक होतं?"

"होतं की."

"मग सांगितलं का नाहीस?"

"तू विचारलंस कुठं? फोनवर तूच बोलत होतीस." मग टॉर्तिया उलटवून म्हणाली, "आणि सांगितलं असतं, तर आली असतीस?"

आली नसती, हे एलोइनाला स्वतःशी कबूल करावं लागलं.

न येऊन मात्र चालणार नव्हतं. यालोबेत प्रत्येक घराने ठराविक वर्षांनी गावाची फुकट सेवा करायची असते, मग घरचा माणूस गावात असो की जगाच्या टोकाला. येस्कास घराने सहा वर्षं टाळाटाळ केली होती. बाप गेलेला. भाऊ रुफिनो कॅलिफोर्नियात लोकांची छपरं शाकारतो, कागदपत्रं नाहीत, एकदा बाहेर पडला तर परत आत जाता यायचं नाही. उरली एलोइना. ऑक्टोबरच्या सभेने सरळ सांगितलं: या खेपेला कुणी आलं नाही तर येस्कास घर यादीतून कमी. यादीतून गेलेल्या घराची पाण्याची तोटी बंद होते, जमीन गावाकडे परत जाते आणि त्या घरच्यांना गावच्या स्मशानात जागा मिळत नाही. तोमासा एकोणऐंशी वर्षांची. फोनवर ती एवढंच म्हणाली होती, "पाण्याचं एक वेळ बघू. झऱ्यावर जाईन. पण तुझ्या बापाच्या शेजारची जागा मी सोडणार नाही."

म्हणून एलोइना आली होती. एक वर्ष काढायचं, आईचं नाव यादीत पक्कं करायचं आणि जानेवारीत परत, असा सरळ हिशोब.

तिच्या आयुष्यातलं बहुतेक सगळं असंच दुसऱ्याच्या यादीवरून ठरत आलेलं. चौदाव्या वर्षी ती ओआहाका शहरात शिकायला गेली, कारण नन्सच्या वसतिगृहात डोंगरातल्या मुलींसाठी एक खाट रिकामी होती. तिथे तिची स्पॅनिश सुधारली आणि गावची झापोतेक बोली सुटीपुरती उरली. मग मेक्सिको शहरात एका दैनिकात नोकरी लागली ती निधनवार्ता लिहायची. नातेवाईक फोनवर रडायचे आणि ही इकडून विचारायची, "आडनावात एक एल की दोन?" सात वर्षं तिने मेलेल्यांची नावं बिनचूक छापली. संध्याकाळी त्याच टेबलावर गोष्टी लिहिल्या. पहिल्या पुस्तकाच्या तीनशे प्रती निघाल्या, त्यातल्या शंभरेक तिनेच वाटल्या. एका प्रतीवरून बेल्जियमच्या एका अनुवादकाने पत्र पाठवलं, पत्रावरून ओळख, ओळखीवरून लग्न, लग्नावरून गेंट. लग्न पाच वर्षं टिकलं. गेंट सोळा वर्षं टिकलं. सकाळी वाचनालयात पुस्तकं लावायची, दुपारी स्वतःची लिहायची. चरितार्थ पुस्तकं लावण्यावरच चालायचा, हे तिने मुलाखतीत कधी सांगितलं नाही, आणि कुणी विचारलंही नाही.

नाव झालं ते दुसऱ्या कादंबरीने. तिच्यात डोंगरातल्या गावचा एक म्हातारा सुतार मरतो. डाव्या हाताला अंगठा नसलेला. धुक्यात त्याची मयत निघते आणि तिला मोजून पाच माणसं येतात आणि मागून एक कुत्रं. ते प्रकरण पाच भाषांत गेलं. एका मोठ्या समीक्षकाने निव्वळ त्या पाच माणसांवर दोन पानं लिहिली. गेंटच्या एका बाईने वाचनानंतर तिचा हात धरून सांगितलं, मी तीन दिवस रडले.

यालोबेत डाव्या हाताला अंगठा नसलेला सुतार एकच, फिदेन्सियो आल्कांतारा. आणि तो चांगला जिवंत होता.

पुस्तक गावात आणलं शाळेच्या मास्तरांनी. त्यांनी ते प्रकरण कचेरीच्या भोंग्यावरून वाचलं. एरवी त्या भोंग्यावरून डुक्कर कापल्याच्या आणि हरवलेली शेळी सापडल्याच्या बातम्या येतात. रविवार होता, लोक अंगणात मका सोलत होते. मास्तर रंगात येऊन वाचत होते. सुतार मेला, लोक हसले. धुकं आलं, ठीक आहे, धुकं येतंच. आणि मग ती पाच माणसं आली आणि सगळ्या गावाचे हात थांबले. पाच? आमच्या यालोबेत? इथे कुणी गेलं की टोपिल एकूण एक दारात जाऊन सांगतो आणि घरटी एक माणूस आलंच पाहिजे. वैऱ्याच्या घरचंही येतं. तोंड वळवून उभं राहतं, पण येतं. फिदेन्सियो मेला यात कुणाला वावगं वाटलं नाही, म्हाताराच आहे. पण पाच माणसांत पुरला, म्हणजे गावाने त्याला टाकला. ही बदनामी फिदेन्सियोची नव्हती, एकशे बारा घरांची होती.

ऑक्टोबरच्या सभेत एलोइनाला कोणती सेवा द्यायची यावर फार वेळ गेला नाही. कुणीतरी मागून म्हणालं, "टोपिल करा. मयतीला माणसं कशी येतात ते कळू दे तिला." सगळे हात वर गेले, तोमासाचासुद्धा.

आल्या दिवसापासून तिचं नाव पडलं, पाचमाणशी.

पहिले तीन महिने तिने वाईट काढले. खराट्याने हाताला फोड आले. बाकीचे तीन टोपिल तिच्याहून तीस वर्षांनी लहान, चढ पळत चढायचे. ही निम्म्यावर बसून धापा टाकायची. फेब्रुवारीत रस्त्याच्या श्रमदानाचा निरोप घेऊन तिला वरच्या आळीत पाठवलं. हेर्मेलिंदा नावाच्या विधवेच्या फाटकाशी जायचा तिला कंटाळा आला. रस्त्यावरूनच ती ओरडली, "हेर्मेलिंदामावशी, उद्या श्रमदान आहे!" हेर्मेलिंदा पाट्यावर मका वाटत होती. तिने वर पाहिलंच नाही. एलोइना पुन्हा ओरडली. वरवंटा चालूच. शेवटी ती फाटकाशी गेली.

"मावशी, ऐकू येतंय ना?"

हेर्मेलिंदा भिंतीशी बोलावं तसं म्हणाली, "कोंबड्या हुसकल्यासारखं कोणीतरी ओरडतंय."

एलोइना परत फिरली. दुसऱ्या फेरीला ती फाटकाशी उभी राहिली, पण हॅट डोक्यावरच होती. म्हातारीने मान फिरवली. तिसऱ्या फेरीला हॅट हातात, काठी जमिनीला टेकलेली, आणि आधी घराचं नाव, मग निरोप, मग "तुमच्या घरातून एक जण". आणि थांबायचं. समोरचा "ऐकलं" म्हणेपर्यंत हलायचं नाही.

"ऐकलं," हेर्मेलिंदा म्हणाली. "आता आत ये आणि पेज पी. तीनदा चढलीस, मेली असतीस आणि आम्हाला मयतीला यावं लागलं असतं."

फिदेन्सियोकडे जायचं मात्र एलोइना टाळत होती. एप्रिलमध्ये कचेरीच्या बाकाचा पाय मोडला आणि तिलाच तो घेऊन जावं लागलं. त्याचं दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. भिंतीशी माणूस मावेल एवढी एक लांब पेटी उघडी पडलेली आणि तिच्यात काठोकाठ काळा घेवडा.

"कोण? पाचमाणशी का? ये, ये. मेलेल्या माणसाला भेटायला आलीस?"

"काका, मी..." तिने रस्ताभर माफीची दोन वाक्यं जुळवली होती, ती नेमकी तिथे गेल्यावर पळाली.

"बस. त्या पेटीवर नको, ती माझी आहे. तोवर रिकामी कशाला ठेवायची, म्हणून घेवडा भरलाय." त्याने बाकाचा पाय उलटसुलट पाहिला. "मला एक सांग. त्या पुस्तकात मी मेलो. बरं. माझी पेटी कोणी केली?"

त्या प्रकरणावर एलोइना कितीतरी सभागृहांत बोलली होती. हे कुणी विचारलं नव्हतं.

"लक्षात आलं नाही, काका."

"बघ! गावातला एकुलता एक सुतार मारलास आणि पेटीची सोय केली नाहीस. घोंगडीत गुंडाळून नेला का मला?" तो मनापासून हसला, मग खोकला, मग पुन्हा हसला. "आणि ती पाच माणसं कोण कोण?"

"पाद्री. दोघं खणणारे. एक शेजारीण. आणि गोष्ट सांगणारी मुलगी."

"म्हणजे तू."

"हो. तसंच."

"तू तरी आलीस म्हणायची," फिदेन्सियो म्हणाला.

तो टोमणा नव्हता, तरी तो बरोबर लागला. बारा वर्षांपूर्वी तिचा बाप गेला तेव्हा ती आली नव्हती. तिकीट मिळत होतं. त्याच आठवड्यात पहिल्या मोठ्या प्रकाशकाची भेट ठरली होती आणि तिने स्वतःला सांगितलं, तसंही पोचेपर्यंत सगळं आटोपलेलं असणार. त्याच महिन्यात गेंटमध्ये तिच्या खालच्या मजल्यावरचा म्हातारा वारला. त्याच्या मयतीला ती गेली. तिथे पाच माणसं होती. पुढे बापाचं मरण लिहायला बसली तेव्हा तिच्या डोळ्यांसमोर तेवढंच एक मरण होतं. बापाच्या जागी तिने सुतार घातला, कारण बापाला मारायचा धीर झाला नाही.

हे तिने कुणालाच सांगितलं नव्हतं. त्या दिवशी फिदेन्सियोला सांगितलं. तो बाकाचा पाय तासत ऐकत राहिला.

"बाबांच्या वेळी किती होते, काका?"

"मोजतं कोण? सगळे होते. पेटी मी केली. ओक लाकडाची, भारी झाली. खांदेकरी शिव्या देत होते." मग भुसा झटकून म्हणाला, "हजेरीला तोमासा उभी राहिली. तिचा आवाज फुटेना, दुसऱ्या हाकेला फुटला."

ही हजेरी आमच्याकडची जुनी रीत आहे. माती लोटून झाली की चिटणीस वही उघडतो आणि एकेका घराचं नाव पुकारतो, त्या त्या घरचं माणूस "हजर" म्हणतं. सगळ्यांत शेवटी गेलेल्याचं घर, तीन वेळा. घरातलं कुणी "हजर" म्हणालं की घर यादीत राहिलं. तिसऱ्या हाकेला कुणीच बोललं नाही तर चिटणीस तिथेच त्या नावावर रेघ मारतो. नात्याबाहेरचं कुणी बोललं तरी चालतं, पण मग ते घर त्याच्या गळ्यात. नोव्हेंबरात मृतांच्या सणाला त्याने स्वतः येऊन थडग्यावर झेंडूची कमान बांधायची, श्रमदानाच्या पाळ्या भरायच्या, आणि हे जन्मभर. म्हणून सहसा कुणी बोलत नाही. प्रत्येकाला स्वतःचंच घर जड असतं.

"तुमच्या घराला कोण आहे, काका?"

"कोणी नाही. बायको गेली. पोर झालं नाही. बहीण तापात गेली लहानपणीच." त्याने पाय बसवून बाक हलवून पाहिला. "रेघ मारतील. मारू देत. माझ्या डोळ्यांदेखत तीन घरांवर मारली. नोएमीला सांगून ठेवलंय, पट्टी घेऊन सरळ मार म्हणून. वाकडं काम मला खपत नाही."

त्यानंतर ती आठवड्यातून दोनदा जाऊ लागली. तो तिच्या चुका काढायचा. तिच्या कादंबरीतल्या टोपिलने घंटा वाजवली होती. "टोपिल घंटेला हात लावत नाही, चर्चचा माणूस वेगळा असतो!" लग्नात चुकीच्या बाजूला मोलेच्या रश्शाचं भांडं ठेवलं होतं. एकदा तर त्याने सगळं प्रकरण तिच्याकडून झापोतेकमध्ये सांगून घेतलं. तिला निम्मे शब्द आठवेनात. ते त्याने पुरवले. मयतीपर्यंत पोचल्यावर तो म्हणाला, "आता खोटं सुरू होतं. थांब, चॉकलेट उकळतो."

इकडे गेंटहून प्रकाशकाचे निरोप येत होते. गावातलं अख्खं वर्ष, केवढा खजिना, काय काय लिहिलंत? तिने एक ओळ लिहिली नव्हती. सहा पेनांपैकी पाच नोएमीने नेली होती. सहावं तोमासा कपड्यांच्या ट्रंकेच्या कडीत अडकवून ठेवायची, कारण कडी नीट बसत नसे.

नोव्हेंबरातल्या सणाला एलोइनाने बापाची कमान स्वतः बांधली, फिदेन्सियोच्या सूचना ऐकत. तो खुर्चीवर बसून होता, कारण त्याला उभं राहवत नव्हतं. डिसेंबरच्या दहा तारखेला सकाळी हेर्मेलिंदा त्याच्यासाठी पेज घेऊन गेली, तेव्हा तो बिछान्यात गेलेला होता. ती तशीच पातेलं घेऊन कचेरीत आली. एलोइना अंगण झाडत होती.

"फिदेन्सियो गेला," हेर्मेलिंदा म्हणाली. एवढं बोलून पायरीवर बसली आणि पेज स्वतःच पिऊन टाकली.

आब्दियासने टोपिलांना बोलावलं. एलोइनाकडे न बघता तो म्हणाला, "खालच्या आळीत तिघं जा. वरची आळी... तुला नको असेल तर मी दुसऱ्याला पाठवतो. तुझं त्यांचं सूत होतं."

"वरची आळी माझी आहे," ती म्हणाली.

ती आधी त्याच्या दुकानात गेली. तोमासा तिथे आलेली होतीच. दोघींनी पेटीतला घेवडा उपसून पोत्यांत भरला. साडेतीन पोती निघाली. कोपऱ्यात अडकलेले दाणे तोमासाने बोटाने काढले, "खाली टोचतील," म्हणाली. तेव्हा एलोइना रडली, आणि तोमासाने तिला रडू दिलं.

मग ती निघाली. वरच्या आळीत चोपन्न घरं. प्रत्येक फाटकाशी हॅट हातात, काठी जमिनीला. "फिदेन्सियो आल्कांतारांचं घर. आज सकाळी गेले. उद्या दहाला. तुमच्या घरातून एक जण." आणि थांबायचं. कुणी लगेच "ऐकलं" म्हणालं. कुणी आधी हात पुसले. फिदेन्सियोशी हद्दीवरून वीस वर्षं अबोला असलेल्या सेवेरोने फाटकाकडे पाठ करून "ऐकलं" म्हटलं आणि नंतर हाक मारून विचारलं, "पेटी उचलायला माणसं आहेत का?" कुठल्याच दारात तिला कुणी पाचमाणशी म्हणालं नाही.

शेवटचं घर तिचं स्वतःचं. तोमासा परत येऊन चूल पेटवत होती. एलोइना आत गेली नाही. फाटकाबाहेर उभी राहिली, हॅट काढली आणि सगळं म्हटलं, "येस्कास घर" पासून "एक जण" पर्यंत. तोमासा चुलीजवळून उठली, एप्रनला हात पुसत अंगणात आली आणि लेकीसमोर उभी राहिली.

"ऐकलं," ती म्हणाली. "मीच येईन. टोपिल घराच्या नावावर धरत नाहीत."

दुसऱ्या दिवशी सकाळी टोपिलांनी खड्डा खणला. धुकं होतं. एलोइनाला त्या धुक्याची शरम वाटली. पण दहा वाजता चढावर माणसं दिसायला लागली आणि ती येतच राहिली. बँड आला. सेवेरो पेटीच्या पुढच्या दांडीला होता. एलोइनाने मोजायला सुरुवात केली, एकशे चाळीसच्या पुढे तिचा गोंधळ झाला आणि तिने नाद सोडला.

माती लोटून झाली. नोएमीने वही उघडली. एकेक घर, एकेक "हजर". म्हाताऱ्यांचे घोगरे, बायकांचे बारीक, कुणाचा झोपाळलेला. येस्कास पुकारलं तेव्हा तोमासाने काठीवर भार देऊन "हजर" म्हटलं, पहिल्याच हाकेला. एलोइनाच्या वर्षाचं काम तिथे झालं. घर पक्कं होतं. तीन आठवड्यांनी ती मोकळी होती.

"फिदेन्सियो आल्कांतारांचं घर," नोएमी म्हणाली.

लोक जमिनीकडे बघायला लागले.

"फिदेन्सियो आल्कांतारांचं घर."

नोएमीच्या दुसऱ्या हातात पट्टी होती. एलोइनाने ती पाहिली. गेंटचं वाचनालय तिला आठवलं, नोव्हेंबरात तिथे रजा मिळत नाही हेही आठवलं. दरवर्षी हे येणं कसं जमणार, हे तिला खरंच कळत नव्हतं. आणि त्याच वेळी तिला कळत होतं की त्या पट्टीने रेघ पडली तर मयतीला कितीही माणसं येवोत, पुस्तकात लिहिलेलंच खरं ठरणार.

"फिदेन्सियो आल्कांतारांचं घर," नोएमीने तिसऱ्यांदा हाक दिली. या वेळी जरा हळू.

"हजर."

सगळ्या माना वळल्या. नोएमीने पेन वर धरलं. "टोपिल म्हणून बोलताय का, ताई? टोपिलचं धरता येत नाही."

"टोपिल म्हणून नाही. एलोइना येस्कास म्हणून."

"दरवर्षी यावं लागेल," आब्दियास म्हणाला. "स्वतः. पत्र पाठवून चालणार नाही."

"माहीत आहे."

आब्दियासने मान हलवली. नोएमीने पट्टी काखेत धरली आणि आल्कांतारा या नावापुढे एलोइनाचं नाव लिहिलं, गेंटहून आलेल्या पेनाने. सेवेरोने डोक्यावर हॅट चढवली आणि बँडवाले उतरणीला लागले.

एलोइना फावडी गोळा करत होती. तोमासा तिथेच थांबली होती. लोक पुढे गेल्यावर तिने लेकीचा कोपर धरला.

"तुझ्या बापाच्या वेळी तू नव्हतीस," ती म्हणाली. "बारा वर्षं मी ते मनात धरून होते. तोंडाने बोलले नाही, पण धरून होते."

"ठाऊक आहे मला, आई."

"आता सोडलं. चल. आणि हळू चाल, माझा गुडघा ऐकत नाही."